विद्यापीठाचा खर्च कोणीं सोसावा ?

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडली, त्याच आठवड्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगा येथील पदवी घेऊन पुढील अभ्यासासाठीं इंग्लंडास जाण्याच्या तयारींत होता. प्रवेशाचें पत्र आलें होतें, बँकेनें कर्ज देण्याचें मान्य केलें होतें, आणि त्या कर्जास तारण म्हणून राहत्या घराचे कागद द्यावयाचे होते. ते कागद त्यांनीं पिशवींत घालून बरोबरच आणले होते. "सर, तिकडे विद्यार्थ्याचें कर्ज कांहीं वर्षांनीं माफ होतें असें ऐकतों. मग चिंता कसली ?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न साधा होता, परंतु त्याचें उत्तर देण्यास आम्हांस दोन तास लागले. इंग्लंडांत विद्यार्थ्यांचें कर्ज माफ होतें हें खरें. परंतु तें कोणाचें, कोणत्या अटींवर, आणि तें मुळांत कर्ज तरी आहे काय, हें समजल्यावांचून त्या माफीचा अर्थ लागत नाहीं. इतर पालकांच्या व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या मनांतहि हाच प्रश्न असेल असें वाटल्यावरून ती हकीकत येथें थोड्या विस्तारानें देत आहों. स्कॉटलंडची व्यवस्था निराळी आहे. आमचें सांगणें इंग्लंडापुरतें आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. विद्यापीठांस सरकारी पैसा वांटून देण्यासाठीं ब्रिटनमध्यें १९१९ सालीं 'युनिव्हर्सिटी ग्रँट्स कमिटी' नेमण्यांत आली. आपल्याकडील विद्यापीठ अनुदान आयोगाचें नांव वाचकांस येथें आठवल्यावांचून राहणार नाहीं. त्या काळीं विद्यापीठांत जाणारे फार थोडे असत. १९६२ च्या सुमारासहि शंभर तरुणांपैकीं अवघे चार तेथपर्यंत पोंचत. त्या १९६२ सालच्या शिक्षणविषयक कायद्यानें असें ठरविलें कीं, पहिल्या पदवीचा पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची फी स्थानिक शिक्षण मंडळानें भरावी, आणि त्याच्या राहण्या-जेवणाचा व पुस्तकांचा खर्च भागविण्यासाठीं आई-बापांचें उत्पन्न पाहून त्यास वेतन द्यावें. हें वेतन परत करावयाचें नसे. खाणींत राबणाऱ्या बापाचा मुलगा हुशार निघाला तर तो एक कपर्दिकहि न देतां पदवीधर होऊन बाहेर पडे. पैसा सर्व कर भरणाऱ्यांचा, आणि लाभ शंभरांतील चौघांचा, असा हा व्यवहार होता. परंतु चौघेच असल्यामुळें तो कोणास जड वाटत नसे.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६३ सालीं, लॉर्ड रॉबिन्स यांच्या अध्यक्षतेखालील कमिटीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्याच्या अंगीं योग्यता आहे आणि ज्यास शिकण्याची इच्छा आहे त्या प्रत्येकास उच्च शिक्षणाची जागा मिळाली पाहिजे, हें तत्त्व त्या अहवालानें मांडलें. वेतनाऐवजीं कर्ज द्यावें काय, याचाहि विचार कमिटीनें केला व त्या वेळेपुरती ती कल्पना दूर सारली. तिच्या कारणांपैकीं एक कारण आमच्या वाचकांस जवळचें वाटेल. मुलींस कर्ज काढून शिकवावयाचें झालें तर, मुळांतच मुलींच्या शिक्षणाविषयीं उदासीन असलेले आई-बाप अधिकच उदासीन होतील. आणि डोक्यावर कर्ज घेऊन लग्नास उभी राहणारी मुलगी म्हणजे जणूं उलटा हुंडा घेऊन येणारी वधू ठरेल, अशी कमिटीस भीति वाटली. साहेबाच्या देशांतील सरकारी अहवालांत हुंड्याचा हिशेब वाचून आम्हांस प्रथम हसूं आलें, व मग थोडें वाईटहि वाटलें. स्वतः रॉबिन्स यांचें मत मात्र पुढें बदललें, आणि कर्जाची शिफारस न केल्याबद्दल त्यांनीं खेद दर्शविला.

रॉबिन्स यांच्या तत्त्वाप्रमाणें विद्यार्थी वाढले, पैसा मात्र त्या मानानें वाढला नाहीं. १९७६ पासूनच्या वीस वर्षांत दर विद्यार्थ्यामागें विद्यापीठास मिळणारी सरकारी रक्कम, महागाई जमेस धरतां, सुमारें ४० टक्क्यांनीं घटली. इकडे १९९२ सालीं पॉलिटेक्निक संस्थांस विद्यापीठांचा दर्जा मिळाला, आणि शंभरांतील चारांच्या जागीं तीसांहून अधिक तरुण उच्च शिक्षणाकडे वळूं लागले. चौघांसाठीं शिजविलेला भात तीस पानांवर वाढावयाचा, अशी विद्यापीठांची स्थिति झाली.

कर्जाचा शिरकाव १९९० सालीं झाला. वेतनाची रक्कम गोठविण्यांत आली व तिच्या जोडीला लहानसें सरकारी कर्ज देण्यांत येऊं लागलें. पहिल्या वर्षीं लंडनबाहेरील विद्यार्थ्यास तें जास्तीत जास्त ४२० पौंड मिळे. त्याची फेड साठ मासिक हप्त्यांत करावयाची असे, आणि उत्पन्न कमी असल्यास मुदत वाढवून मागतां येई. हप्त्याची रक्कम ठरलेली असे. आपल्याकडील बँकेच्या कर्जाशीं ज्याचें साम्य आहे असें इंग्लंडांतील विद्यार्थि-कर्ज हेंच, आणि तें तेथें आठ वर्षांतच मागें पडलें, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

१९९६ सालीं सरकारपक्ष व विरोधी पक्ष यांनीं मिळून सर रॉन डिअरिंग यांची कमिटी नेमली. निवडणुकीच्या आधीं या अवघड प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रसंग दोघांसहि नको होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. जुलै १९९७ मध्यें अहवाल आला तेव्हां मजूर पक्ष अधिकारारूढ झाला होता. पदवीमुळें ज्याचें उत्पन्न वाढतें त्या पदवीधरानें शिकविण्याच्या खर्चाचा सुमारें चौथा हिस्सा नोकरी लागल्यावर उत्पन्नाच्या मानानें फेडावा, असें डिअरिंग यांनीं सुचविलें. सरकारनें यांतील अर्धें उचललें व अर्धें उलटें केलें. १९९८ पासून वार्षिक १,००० पौंड फी बसविली. परंतु ती नोकरीनंतर घेण्याऐवजीं प्रवेशाच्या वेळींच, आई-बापांचें उत्पन्न पाहून, घेतली. आणि १९९९ पासून गरिबांस मिळणारें निर्वाह-वेतन बंद करून त्या जागीं कर्ज दिलें.

या नव्या कर्जाची रचना मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळी मख्खी तिच्यांत आहे. ही कल्पना प्रथम ऑस्ट्रेलियानें १९८९ सालीं अमलांत आणली, आणि ब्रूस चॅपमन या अर्थशास्त्रज्ञाचें नांव तिच्याशीं जोडलेलें आहे. कर्ज किती घेतलें यावर हप्ता ठरत नाहीं. कमावतां किती यावर ठरतो. एक मर्यादा ठरविलेली असते. उत्पन्न तिच्या खालीं असेतों कांहींच द्यावयाचें नाहीं. वर गेल्यास वरच्या रकमेचे ९ टक्के द्यावयाचे. वसुली करण्यास सावकाराचा माणूस दारीं येत नाहीं. प्राप्तिकराप्रमाणें ती रक्कम पगारांतूनच कापून घेतली जाते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें पेन्सिल हातीं घ्यावी. २०२३ पासून प्रवेश घेतलेल्यांसाठीं ही मर्यादा वार्षिक २५,००० पौंडांची ठरली. समजा, एका पदवीधर मुलीस ३०,००० पौंड वेतन आहे. मर्यादेवरील रक्कम ५,००० पौंड. तिचे ९ टक्के म्हणजे ४५० पौंड. महिन्यास साडेसदतीस पौंड. तिच्या नांवावर २०,००० चें कर्ज असो कीं ६०,००० चें असो, हा हप्ता तोच राहतो. नोकरी सुटली तर हप्ता आपोआप बंद होतो. ठरलेल्या वर्षांनंतर जें उरेल तें माफ होतें, आणि कर्जदाराचा मृत्यु झाल्यास देणें तेथेंच संपतें. या कर्जास वडिलांची सही लागत नाहीं आणि घराचे कागदहि लागत नाहींत.

आतां व्याजाकडे पाहूं. कर्ज ४५,००० पौंडांचें व व्याज सालीना ५ टक्के धरलें, तर वर्षाचें व्याज २,२५० पौंड होतें. एवढी रक्कम हप्त्यांतून कापली जाण्यास वेतन किती हवें ? ५०,००० पौंड, कारण २५,००० चे ९ टक्के म्हणजे बरोबर २,२५०. याहून कमी कमावणारा मनुष्य नेमानें हप्ते देत असतांहि त्याचें कर्ज वर्षानुवर्ष फुगत जातें. असल्या कागदाकडे पाहून तरुणांची झोंप उडते यांत नवल नाहीं. या बाबतींत सरकारपक्षाचे लोक म्हणत, "आंकड्याकडे पाहूं नका, तो नांवाचाच आहे, हा खरोखर एक कर आहे." परंतु कर असता तर ज्याचें उत्पन्न मोठें त्यानें अधिक काळ व अधिक रक्कम दिली असती. येथें तसें होत नाहीं. श्रीमंताच्या मुलाची फी बाप रोख भरतो, त्यास कांहींच लागत नाहीं. बड्या पगाराचा वकील थोड्या वर्षांत फेडून मोकळा होतो. अगदीं थोडें कमावणाऱ्यास माफी मिळते. राहतां राहिले मधल्या पगाराचे लोक, म्हणजे परिचारिका, ग्रंथपाल आणि (आम्हांस हें सांगतांना वर्गबंधूंविषयीं कळवळा येतो) शाळामास्तर. त्यांचा हप्ता उतारवयापर्यंत चालूच राहतो.

पुढील हकीकत राजकारणाची आहे. 'अधिक फी बसविणार नाहीं' असें मजूर पक्षानें २००१ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत लिहून दिलें होतें. २००४ च्या जानेवारींत त्याच पक्षाच्या सरकारनें फी ३,००० पौंडांपर्यंत नेण्याचें बिल पार्लमेंटांत आणलें, आणि तें दुसऱ्या वाचनांत ३१६ विरुद्ध ३११, अशा अवघ्या पांच मतांनीं तरलें. न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, २००६ पासून प्रवेशाच्या वेळीं रोख फी भरण्याची अट त्याच कायद्यानें काढून टाकली; फीचेंहि कर्ज मिळूं लागलें, व अंशतः वेतनहि परत आलें.

सहा वर्षांनीं याच नाटकाचा दुसरा अंक झाला. मे २०१० च्या निवडणुकीपूर्वीं लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनीं, फीवाढीच्या विरुद्ध मत देऊं, अशा लेखी प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या. निवडणुकीनंतर तो पक्ष हुजूर पक्षाबरोबर प्रधानमंडळांत बसला. ऑक्टोबरांत लॉर्ड ब्राउन यांच्या कमिटीनें फीची कमाल मर्यादाच काढून टाकण्याची शिफारस केली. सरकारनें ती ९,००० पौंडांवर आणून ठेवली. लंडनच्या रस्त्यांवर हजारों विद्यार्थी उतरले. ९ डिसेंबर २०१० रोजीं ३२३ विरुद्ध ३०२ मतांनीं प्रस्ताव संमत झाला. पक्षाचे पुढारी निक क्लेग यांनीं २०१२ सालीं प्रतिज्ञा केल्याबद्दल जाहीर माफी मागितली. २०१५ च्या निवडणुकींत त्या पक्षाच्या ५७ जागांच्या ८ झाल्या; एवढ्या एकाच कारणानें झाल्या असें आम्ही म्हणत नाहीं.

९,००० हा आंकडा अपवादात्मक राहील, अशी सरकारची अटकळ होती. पुढें बहुतेक विद्यापीठांनीं वरचा आंकडा गांठला. जो कमी फी घेईल त्याचें शिक्षण हलकें असें लोक समजतील, ही भीति ! भाजीबाजारांत जें घडतें तें ज्ञानमंदिरांत घडणार नाहीं, असें त्या मंत्र्यांस कां वाटलें असावें कोण जाणे. ही फी पुढें २०१७ मध्यें ९,२५० व २०२५ मध्यें ९,५३५ पौंड झाली.

सरकारास कर्जाची एवढी आवड कां, असा प्रश्न चाणाक्ष वाचकांस पडला असेल. त्याचें एक उत्तर जमाखर्चाच्या वहींत आहे. सरकारनें विद्यापीठास शंभर पौंड अनुदान दिलें, तर ते त्याच वर्षाच्या खर्चांत पडतात व अंदाजपत्रकांतील तूट वाढते. तेच शंभर पौंड विद्यार्थ्यास कर्जाऊ दिले, तर तें येणें म्हणून लिहिलें जाई, आणि तूट वाढलेली दिसत नसे. त्यांतील बुडणारा भाग तीस वर्षांनीं उघडकीस येणार. तेव्हां खुर्चीवर कोण असेल त्यानें पाहावें! म्हणून २०१२ पासून कला व समाजशास्त्रें यांच्या अध्यापनाचें अनुदान जवळजवळ बंद करून तो सारा भार कर्जावर टाकण्यांत आला. डिसेंबर २०१८ मध्यें ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें ही चलाखी थांबविली. जेवढा भाग परत येणार नाहीं असें दिसतें तेवढा कर्ज देतांनाच खर्ची लिहावा, असें त्यानें ठरविलें. आणि त्या एका निर्णयानें देशाची वार्षिक तूट सुमारें १२ अब्ज पौंडांनीं वाढली. पैसा एकहि अधिक खर्च झाला नव्हता. जो आधींच गेला होता तो फक्त दिसूं लागला. आजमितीस इंग्लंडांतील विद्यार्थ्यांचें एकंदर देणें २०० अब्ज पौंडांहून अधिक आहे.

सर्वांत खटकणारी गोष्ट निराळीच आहे. आपण बँकेच्या रोख्यावर सही केली म्हणजे दोन्ही पक्ष बांधले जातात. या सरकारी कर्जांत धनको हाच कायदे करणारा असल्यामुळें तो बांधला जात नाहीं. २०१२ मध्यें कर्ज घेणाऱ्यांस असें सांगण्यांत आलें होतें कीं, हप्त्याची २१,००० पौंडांची मर्यादा २०१६ नंतर वेतनमानाबरोबर वाढत जाईल. २०१५ सालीं सरकारनें ती पांच वर्षांसाठीं गोठविण्याचें जाहीर केलें. ज्यांनीं आधींच सह्या केल्या होत्या त्यांच्यासाठींसुद्धां. दोन वर्षांनीं ओरड झाल्यावर तो निर्णय फिरवून मर्यादा २५,००० केली. पुढें ती २७,२९५ झाल्यावर पुन्हां गोठविली. गरिबांचें वेतन परत आलेलें होतें, तें २०१६ मध्यें पुन्हां बंद झालें. परिणाम असा कीं, सर्वांत गरीब घरचीं मुलें सर्वांत मोठें कर्ज घेऊन बाहेर पडूं लागलीं. २०१९ मध्यें फिलिप ऑगर यांच्या कमिटीनें फी ७,५०० वर आणावी, गरिबांस वेतन द्यावें, आणि माफीची मुदत तीसांवरून चाळीस वर्षांवर न्यावी, अशा तीन गोष्टी बरोबरीनें सुचविल्या. २०२३ पासून सरकारनें चाळीस वर्षें तेवढीं उचललीं. फी होती तेथेंच ठेवली, आणि वेतनाची शिफारस बाजूस सारली. व्याज मात्र महागाईच्या दराइतकेंच केलें, हें त्याच्या जमेस धरलें पाहिजे. या बदलानें पूर्ण फेड करणाऱ्यांचें प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास होतें तें निम्म्याच्या वर जाईल, असा सरकारचाच अंदाज होता. म्हणजे जी माफी आमच्या पाहुण्यांनीं ऐकली होती, ती आतां निम्म्याहून अधिक जणांच्या वांट्यास येणारच नाहीं.

या सगळ्यामुळें गरिबांचीं मुलें विद्यापीठाकडे फिरकणार नाहींत, अशी जी भीति व्यक्त झाली होती ती मात्र खरी ठरली नाहीं. अठरा वर्षांच्या गरीब मुलांचें प्रवेशाचें प्रमाण २०१२ नंतरहि वाढत गेलें. घटले ते दुसरेच : दिवसा नोकरी करून, संसार सांभाळून, थोडा थोडा अभ्यास करणारे प्रौढ विद्यार्थी. त्यांची संख्या निम्म्याहूनहि खालीं आली. त्यांच्या बाजूनें रस्त्यावर कोणी उतरलें नाहीं.

हें सर्व ऐकून आमचे पाहुणे कांहीं वेळ गप्प बसले. मग आम्हीं त्यांस त्यांच्या स्वतःच्या कागदांकडे वळविलें. इंग्लंडचें सरकारी कर्ज तेथील रहिवाशांसाठीं आहे. आपल्या देशांतून केवळ शिकावयास जाणाऱ्या मुलास तें मिळत नाहीं, आणि त्याच्या फीस वरील मर्यादाहि लागूं नाहीं. त्याच्या नांवें निघणारें कर्ज येथील बँकेचें. त्याची साधारण रीत अशी : साडेसात लाखांच्या वर तारण हवें, बाप सहकर्जदार, अभ्यास संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाहीं, परंतु व्याजाची आकारणी पहिल्या दिवसापासून, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत ठरलेला हप्ता, मग मुलगा लंडनमध्यें बड्या पगारावर असो कीं घरीं परतून नोकरीच्या शोधांत असो.

"म्हणजे तिकडच्या बापास सहीच करावी लागत नाहीं ?" त्यांनीं विचारलें.

"नाहीं."

"आणि मला घर लिहून द्यावें लागतें."

आम्हीं त्यांस बँकेंत विचारण्यासाठीं चार ओळी लिहून दिल्या : अभ्यासाच्या काळांतील व्याज मुद्दलांत मिळवून त्यावर पुन्हां व्याज धरतां काय, तें व्याज दरमहा भरल्यास दरांत सूट मिळते काय, पौंडाचा भाव चढून फी वाढली तर जादा रक्कम कोणत्या अटींवर मिळेल, आणि मुलास वर्षभर नोकरी न लागल्यास हप्ता पुढें ढकलतां येतो काय. तो कागद त्यांनीं घराच्या कागदांबरोबर पिशवींत ठेवला. दुसऱ्याच आठवड्यांत ते बँकेंत जाऊन आले. मुलानें विद्यापीठास लिहून प्रवेश एक वर्ष पुढें ढकलून घेतला आहे, आणि सध्यां तो येथेंच नोकरी करून प्रवासाचा व पहिल्या सहामाहीचा खर्च सांठवीत आहे.